फिलूच्या लग्नाची पुरवणी

वसई स्टेशनच्या पूर्वेला एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक टेलिफोन, एक कुरकुरणारा पंखा आणि बाहेर ‘वेब डिझाइन’ अशी पाटी. ती पाटी वाचून अधूनमधून एखादी बाई जिना चढून यायची आणि ब्लाउजच्या गळ्याची डिझाइनं दाखवा म्हणायची. आम्ही काय करतो हे समजावून सांगितलं की ती म्हणायची, “म्हणजे कपड्याचं काहीच नाही?” आणि आम्ही तिचा वेळ खाल्ल्यासारखी बघत उतरून जायची.

आम्ही म्हणजे मी आणि नेल्सन. नेल्सन वसईच्याच किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचा, चित्रकलेचा डिप्लोमा घेतलेला. पान दिसायला कसं असावं हे त्याचं खातं. ते पान चाललं कसं पाहिजे हे माझं. मी त्या वेळी एव्हरशाईन सिटीत राहायला आले होते. मुंबईतली प्रोग्रामरची नोकरी सोडून इथे धंदा काढला तेव्हा माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “मेधा सध्या घरीच असते, स्टेशनजवळ.” वाद घालण्यात अर्थ नव्हता.

काळ दोन हजार सालानंतरचा. आपलीही वेबसाइट असावी असं लोकांना वाटायला लागलं होतं, पण कशासाठी असावी हे कोणाला सांगता येत नव्हतं. नायगावला टॉवर बांधणाऱ्या एका बिल्डरने आम्हाला बजावलं होतं की त्याच्या इमारतींचे फोटो कोणालाही उचलता येता कामा नयेत. मी चार ओळींचं जावास्क्रिप्ट लिहून माउसचं उजवं बटण बंद केलं. पुढच्याच आठवड्यात तो तावातावाने आला. त्याला स्वतःच्याच साइटवरून स्वतःच्याच इमारतीचा फोटो उचलून हँडबिलावर छापायचा होता, आणि बटण चालत नव्हतं. गिऱ्हाईक देव असतं म्हणतात, पण देवाला आपण काय मागितलं होतं ते आठवत असावं अशी माझी समजूत होती.

आता धंद्यातली गोष्ट थोडी समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वेबसाइट बनवायला आम्ही एक विलायती सॉफ्टवेअर वापरायचो. त्यात पानावर चित्र ओढून आणायचं, मजकूर टाकायचा, की खालचा कोड ते आपोआप लिहायचं. पण जे त्याच्या मेन्यूत नाही ते त्याला येत नसे. ते बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा मात्र केला होता. त्यांनी आपल्याला त्यात भर घालायची मुभा ठेवली होती. जावास्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्राम लिहून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला, की मेन्यूत आपली एक नवी ओळ दिसायची आणि तिच्यावर क्लिक केलं की आपलं काम व्हायचं. आम्ही त्याला ‘पुरवणी’ म्हणायचो, परीक्षेत जोडतात तशी.

पण त्या जावास्क्रिप्टची झेप पानापुरतीच. मजकूर बदल, रांगा कर, नवं पान लिही, एवढं ते छान करायचं. फोटोच्या पोटात शिरून त्याचा आकार कमी करणं त्याला जमत नसे. त्यासाठी सी भाषेत लिहायचं, त्याची एक फाइल तयार करून त्या सॉफ्टवेअरच्या शेजारी ठेवायची आणि जावास्क्रिप्टने तिला हाक मारायची. जावास्क्रिप्ट चुकलं तर स्क्रीनवर एक पाटी येते, ओके म्हटलं की गेली. सी चुकलं तर अख्खं सॉफ्टवेअर तुमचं न साठवलेलं काम पोटात घेऊन नाहीसं होतं. जावास्क्रिप्ट म्हणजे बैठकीच्या खोलीत बसलेला पाहुणा. सी हातात घराच्या किल्ल्या घेऊन फिरतं. मला अर्थातच सी आवडायचं.

सीच्या या किल्ल्या हातात घ्यायची वेळ आली ती नेल्सनच्या मामेबहिणीमुळे. तिचं नाव फिलोमिना, सगळे फिलू म्हणायचे. गावातल्या बालवाडीत शिकवायची, आणि मुलांना गप्प बसवायचा तिचा आवाज मोठ्या माणसांवरही चालायचा. एका दुपारी ती नेल्सनच्या मामीला, म्हणजे तिच्या आईला, घेऊन जिना चढून आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, “मेधाताई, माझं लग्न दादाने त्याच दिवशी बघितलं पाहिजे. होणार का, ते सांगा. नाहीतर मी लग्न पुढे ढकलते.”

तिचा दादा जेरोम मालवाहू जहाजावर आचारी होता. तो लग्नाला सुट्टी घेऊन येणार होता, पण त्याच्या जागी येणारा माणूस आला नाही आणि जहाजाने त्याला सोडलं नाही. लग्न पुढे ढकलायचं तर मध्ये लेंट, म्हणजे उपवासकाळ. त्या दिवसांत लग्नं लागत नाहीत. ईस्टरनंतर नवऱ्यामुलाला सुट्टी नाही. घरच्यांचं म्हणणं, लग्न उरकून घ्यावं, जेरोमला नंतर अल्बम पाठवू.

“अल्बम नको,” फिलू म्हणाली. “बाबा गेले तेव्हा पण दादा समुद्रावरच होता. आम्ही मातीचे फोटो पाठवले. किती महिन्यांनी ते पाकीट त्याच्या हातात पडलं. त्याने ते अजून फोडलेलं नाही, मेधाताई. बॅगेत घेऊन फिरतोय. माझ्या लग्नाचं असंच दुसरं पाकीट त्याच्या बॅगेत मला नकोय.”

मग मामी पुढे झाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही, फक्त माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “बाय, यान पोराला दिसल ना?”

लग्नाच्या रविवारी जेरोमचं जहाज डर्बनला लागणार होतं. तिथे खलाशांसाठी एक क्लब होता आणि त्यात इंटरनेट होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज निघणार. म्हणजे चर्चमधलं लग्न लागलं, की संध्याकाळपर्यंत फोटो वेबसाइटवर चढले पाहिजेत. वसईत नुकतेच डिजिटल कॅमेरे आले होते, त्यामुळे फोटो धुवायची कटकट नव्हती. कटकट वेगळीच होती. आमची फोनची लाइन इतकी मंद, की कॅमेऱ्यातला एक मोठा फोटो चढवायचा तर चहा करून पिऊन होईल. शेकडो फोटो आधी बारीक करायचे, क्रमाने लावायचे, प्रत्येकाचं पान बनवायचं, पुढचं-मागचं बटण जोडायचं. हाताने केलं तर दोन-तीन दिवसांचं काम.

मी हो म्हटलं. नेल्सन माझ्याकडे बघत राहिला. त्या दोघी जिना उतरून गेल्यावर म्हणाला, “आपल्याकडे निर्मळच्या केळीवाल्याची साइट अर्धी पडलीय.”

“आधी लगीन फिलूचं,” मी म्हटलं, “मग तुझ्या केळ्यांचं.”

पुरवणीचा बेत सोपा होता. मेन्यूतल्या आमच्या ओळीवर क्लिक करायचं, फोटोंचा फोल्डर दाखवायचा, बस. जावास्क्रिप्ट एकेक फोटो सीच्या हातात देणार. सी तो बारीक करणार. शिवाय प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला याची वेळ लिहिलेली असते, ती वाचून सी जावास्क्रिप्टला परत सांगणार. मग जावास्क्रिप्ट त्या वेळेप्रमाणे रांग लावून पानं तयार करणार. रांग माणसाने लावायची नाही. हे मला फार सुंदर वाटलं होतं, आणि अजून वाटतं. लग्न जसं घडलं तसं आपोआप मांडलं जाणार, कोणाच्या लक्षात राहण्यावर काही नाही.

पहिल्या चाचणीत सगळं गडप झालं. सॉफ्टवेअरने माझ्या सीला फाइलचं नाव वाचायला दिलं होतं, आणि सीने वाचून झाल्यावर ती जागा आपलीच समजून मोकळी करून टाकली. उसनं आणलेलं ताट घासून भंगारात घालण्यातला प्रकार. त्या वेळी नेल्सनने त्याच यंत्रावर केळीवाल्याचं मुखपृष्ठ उघडून ठेवलं होतं, सकाळपासून रंगवलेलं, न साठवलेलं. तो उठला. खाली जाऊन दोन वडापाव घेऊन आला, दोन्ही स्वतः खाल्ले आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवायला बसला. त्यानंतर तो दर मिनिटाला फाइल साठवायचा. दुधाने तोंड पोळलेल्याचं असंच असतं.

ते दुरुस्त झालं. मग पाच फोटो टाकून पाहिले, दहा टाकून पाहिले, पानं झरझर तयार झाली. मेन्यूत आमची ओळ, खाली हळूहळू भरत जाणारी पट्टी, आणि शेवटी ‘झालं’ म्हणून येणारी खिडकी. नेल्सनने त्या खिडकीच्या कोपऱ्यात एक छोटी होडी काढली. आम्हाला आमचाच फार अभिमान वाटला.

पाचूबंदरला लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, नाचतगात विहिरीवरून पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. शनिवारी संध्याकाळी त्याचे फोटो काढले होते. रविवारी सकाळी नेल्सन ते स्कूटरवरून घेऊन आला. म्हटलं, खऱ्या कामाआधी रंगीत तालीम होऊन जाऊ दे. लग्न दुपारी चारचं. मी नेसूनच आले होते, कोयरीच्या काठाची जांभळी साडी.

पट्टी अर्ध्याच्या अलीकडे आली आणि थांबली. मग माउस थांबला. मग यंत्रच गोठलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. मी आधी फोटोंना दोष दिला, मग विंडोजला, मग वीज मंडळाला. नेल्सन म्हणाला, “अंगण वाकडं आहे म्हणतेस?” मी त्याला खाली पाठवून दिलं.

त्या दोन-तीन तासांत मला खरोखर भीती वाटली. यंत्र बंद पडल्याची भीती मला कधीच वाटत नाही, ते माझं रोजचं काम. पण मामींनी कॉम्प्युटरकडे दाखवलेलं ते बोट डोळ्यांपुढून हलेना. मी हो म्हटलं म्हणून ती मुलगी आज लग्नाला उभी राहणार होती. नाही म्हटलं असतं तर तिने लग्न पुढे ढकललं असतं, तिच्यात तेवढा हट्ट होता.

चूक सापडली तेव्हा हसू आलं. प्रत्येक फोटो बारीक करायला सी नवी जागा मागून घेत होतं आणि काम झाल्यावर परत करत नव्हतं. म्हणजे स्वयंपाकात प्रत्येक पदार्थाला नवं पातेलं घ्यायचं आणि एकही घासायचं नाही. दहा पदार्थांना चालतं, पंगतीला ओट्यावर हात ठेवायला जागा उरत नाही. आधी जी जागा मोकळी करायची नव्हती ती केली, आणि जी करायची होती ती केली नाही. एक ओळ घातली. पट्टी शेवटपर्यंत गेली, होडी आली. नेल्सनच्या स्कूटरवर मागे बसून मी चर्चला पोचले तेव्हा घंटा होत होती.

फिलू आईच्या हाताला हात घालून वेदीपर्यंत चालत गेली. वडिलांच्या जागी मी येऊ का, असं काकांनी विचारलं होतं, गावातल्या मोठ्यांनी विचारलं होतं, तिने कोणालाच पुढे येऊ दिलं नाही. मामी मोरपंखी लुगड्यात ताठ चालल्या होत्या, आणि अर्ध्या वाटेवर त्यांनी एकदा उजवीकडे वळून पाहिलं, जिथे कोणी नव्हतं. मी परक्या घरच्या लग्नात सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले.

चर्चमधले फोटो गावातल्या फोटोग्राफरने काढले होते. घरचे, म्हणजे फिलूला नटवताना, मोठ्यांचे आशीर्वाद घेताना, घरातल्या येशूच्या तसबिरीपुढे प्रार्थना करताना, ते तिच्या चुलतभावाने काढले होते जेरोमने पाठवलेल्या कॅमेऱ्यावर. दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून आम्ही ऑफिसात आलो. पुरवणीने एकदाही कुरकुर न करता सगळे फोटो बारीक केले, रांग लावली, पानं बनवली. फोनची लाइन तीनदा तुटली आणि तीनदा जोडली. शेवटचं पान चढलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. रांग कशी लागलीय हे बघायला कोणाला सवड होती? ती तर आपोआप लागते.

पाचूबंदरला पोचलो तेव्हा मांडवात बँड जोरात होता आणि कोंबडी-पोह्यांच्या भुजिंगच्या वासाने रस्ता भरला होता. मी मामींना नुसती मान डोलावून खूण केली. त्यांनी माझा हात धरला आणि घरात टेलिफोनपाशी नेऊन बसवलं. फोटो बघून झाले की जेरोम तिथे फोन करणार होता, आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर लोक नाचत होते. मामींनी एकदा उठून फोन उचलून पाहिला, चालू आहे ना म्हणून.

फोन वाजला तेव्हा फिलू पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून मांडवातून धावत आली. “दादा?” एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा मला दिसत होता. आधी ओठ घट्ट मिटलेले, मग भुवया वर गेल्या, आणि मग ती हसायला लागली, पोट धरून, झग्यासकट खाली बसून. त्या घरात त्या दिवशी सगळे मनात भीती ठेवून हसत होते. हे पहिलं मोकळं हसणं.

“काय झाला गो?” मामींनी विचारलं.

“दादा म्हणतो, फिलू आधी देवलान गेली, लगीन लावला, मंग घरा येऊन नटली का?” पाचूबंदरला चर्चला देऊळच म्हणतात.

 फिलूने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून दमदार आवाज आला, “तूच ना ती कॉम्प्युटरवाली बाय?”

मी म्हटलं, क्रम चुकलाय वाटतं, वेळ तर मी फोटोतूनच घेतली आहे. तो म्हणाला, “तुजी चूक नाय. तो कॅमेरा मी सिंगापुरान घेतला. दुकानदारान तिथला घड्याल लावून दिला. आमचे घरान कोनी हात नसल लावला.”

कोणी लावणार नव्हतंच. दादाने पाठवलेला कॅमेरा, त्यातलं काही बिघडेल म्हणून त्या घराने सगळी बटणं पवित्र मानून सोडून दिली होती. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. घरातला तीन-साडेतीनचा फोटो माझ्या पुरवणीला चर्चमधून बाहेर पडल्यानंतरचा वाटला होता. सीने बरोबर वाचलं होतं, जावास्क्रिप्टने बरोबर लावलं होतं, आणि लग्न उलटं झालं होतं.

“मी आत्ता जाऊन नीट करते,” मी म्हटलं. “तासाभरात पुन्हा बघा.”

 

“नको बाय,” जेरोम म्हणाला. “शेवटचे फोटूत फिलू दारान उभी हाय. आय मागं हाय. मना वाटतं, ती अजून घरान हाय. मी येईपर्यंत तसाच र्‍हाव दे.”

मी हो म्हटलं.

सोमवारी नेल्सन आणि मी पुरवणीत एक छोटा चौकोन वाढवला. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते त्यात भरायचं. पुढे तो फार उपयोगी पडला. आखातातून आलेले कॅमेरे, जहाजावरून आलेले कॅमेरे, आमच्या भागात असे अनेक, आणि प्रत्येकजण कुठल्या तरी दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा. वसईतल्या कित्येक लग्नांची, बारशांची पानं आम्ही त्या पुरवणीने केली. फिलूच्या लग्नाची नीट क्रमाची पानंही केली, सासरच्यांसाठी. जेरोमची मात्र वेगळी ठेवली, जशीच्या तशी.

कालांतराने ते सॉफ्टवेअर बदललं, नव्या आवृत्तीने माझी सीची फाइल ओळखायला नकार दिला, आणि मग मोबाइलच आला. आता फोटो पुरा काढून व्हायच्या आत डर्बनला पोचतो. माझ्या त्या कामाची आज कोणाला गरज नाही. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. ती पट्टी शेवटपर्यंत जाताना बघण्यात जे सुख होतं ते नंतर कशात मिळालं नाही. पण पुरवणी गेली तरी तिने लिहिलेली पानं साधी होती, ती अजून उघडतात. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी ती आधी उतरवून घेते.

जेरोम आता जहाज सोडून घरी आहे. ते जुनं पाकीट त्याने परत आल्यावर आईच्या शेजारी बसून फोडलं, असं फिलूने मला सांगितलं. गेल्या वर्षी फिलूच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा सोहळा होता, तेव्हा पाचूबंदरला जेवायला गेले होते. जेवणं झाल्यावर जेरोमने भाचीला मांडीशी बसवून टीव्हीवर ती पानं लावली. त्याची पानं, सिंगापूरच्या घड्याळाची. मुलगी हुशार. चर्च झालं, फुलं उधळली, मोटार आली, आणि मग आई घरात केस विंचरून घेताना दिसल्यावर तिने मामाकडे पाहिलं.

“मम्मी लग्न झाल्यावर परत घरी आली?”

“हो,” जेरोम म्हणाला. “मी येईपर्यंत थांबली व्हती.”

फिलू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळी हयात मी दुसऱ्यांच्या चुका शोधून दुरुस्त करण्यात घालवली आहे, आणि चूक दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवला आणि पुढचा फोटो बघत बसले.